शाळेच्या निधीसंकलनाबद्दल मुख्याध्यापिकांशी कसं बोलावं?

चौथीची आई

सोमवारी लेक शाळेतून आली ती एक पाकीट घेऊन. आत छापील पत्रक, छातीला लावायचा बिल्ला आणि वीस चौकोनांचं एक कार्ड. एकेका चौकोनात देणाऱ्याचं नाव, रक्कम, सही. मुलांनी घरच्यांकडे, शेजाऱ्यांकडे, ओळखीपाळखीत जायचं, चौकोन भरायचे आणि दोन आठवड्यांत पाकीट वर्गात जमा करायचं. ज्यांचे वीसच्या वीस भरतील त्यांना शेवटच्या दिवशी व्यासपीठावर बोलावणार आहेत.

शाळेनं पैसे गोळा करायला माझी हरकत नाही. ग्रंथालयाच्या कपाटांसाठी, पुरात घरं गेलेल्यांसाठी, वर्गातल्याच एका मुलाच्या ऑपरेशनसाठी आम्ही फारसं न विचारता दिलेत. या वेळचे पैसे मात्र अशा संघटनेला जाणार आहेत, जी अडचणीतल्या कुटुंबांना मदत करते आणि त्याचबरोबर एका वादाच्या प्रश्नावर उघड बाजू घेऊन मोहीमही चालवते. सभा घेते, सह्या गोळा करते, कायदा आपल्या बाजूनं व्हावा म्हणून लोकप्रतिनिधींच्या मागे लागते. बिल्ल्यावर छापलेली ओळ मदतीबद्दलची नाही, मोहिमेची घोषणा आहे. तीच ओळ मी मोर्च्यातल्या फलकांवर पाहिलीय.

प्रश्न कोणता हे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की इथं त्या प्रश्नावरच भांडण जुंपेल आणि मला जे विचारायचंय ते राहून जाईल. एवढंच सांगते की त्यावरून सख्ख्या भावंडांतलं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय, आणि माझं स्वतःचं मत या संघटनेच्या उलट आहे.

बुधवारी वर्गाच्या भिंतीवर कागदाचं झाड लागलं. पाकीट आणून दिलं की मुलाच्या नावाचं एक हिरवं पान झाडावर. शुक्रवारपर्यंत बत्तीस मुलांपैकी एकवीस जणांची पानं लागली होती, लेकीनं मोजली होती. त्या रात्री दिवा मालवल्यावर तिनं विचारलं, "आई, आपण वाईट लोकांच्या बाजूचे आहोत का?" ज्यांची पानं नाहीत त्यांच्या घरचे वाईट लोकांच्या बाजूचे असतात, असं तिला बाकावरच्या मैत्रिणीनं सांगितलं होतं. त्या मुलीला मी दोष देत नाही. भिंतीवर जे दिसलं त्याचा नऊ वर्षांच्या पोरीनं अर्थ लावला.

मला उत्तर देता आलं नाही. "नाही गं, झोप आता," म्हटलं आणि मग मीच जागी राहिले.

नवऱ्याचं म्हणणं असं की दोन आठवड्यांचाच प्रश्न आहे, पाकिटात काहीतरी घालून दे आणि मोकळी हो, लेकीला अजून सहा वर्षं तिथंच काढायचीत. त्याची काळजी मला कळते, पण ते माझ्या हातून होत नाही. दुसरीकडे, मी तक्रार केली आणि त्याचा राग वर्गात लेकीवर निघाला तर, ही भीती मलाही आहेच. आणि अवघड गोष्ट ही की लेकीला स्वतःला बिल्ला लावायचाय. कारण मैत्रिणीनं लावलाय.

बोलायचं कोणाशी आधी, वर्गशिक्षिकांशी की थेट मुख्याध्यापिकांशी? तोंडी की लेखी? आणि कसं बोललं म्हणजे "ही त्या दुसऱ्या गटातली बाई" असा शिक्का बसणार नाही?

खडूफळा

एकतीस वर्षं शाळेत काढली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. म्हणजे तुम्ही ज्या टेबलासमोर बसणार आहात त्याच्या पलीकडच्या खुर्चीवरून लिहितेय.

एक प्रसंग सांगते. एका वर्षी असंच एक आवाहन माझ्यासमोर आलं. आणणारे पालक भले होते, काम भलं होतं, मी पाच मिनिटांत सही केली. त्या संघटनेची दुसरी बाजू मी पाहिली नाही. ती चूक माझी. आठवड्याभरात एक वडील आले. दार ढकलून आत, आवाज चढलेला. शाळा विकली गेलीय इथपासून सुरुवात. मी ताठर झाले. त्यांच्या प्रत्येक वाक्याला माझ्याकडे उत्तर होतं आणि मी ते दिलं. ते गेल्यावर मला आपण बरोबरच आहोत असं वाटत होतं. दोन दिवसांनी एक आई आल्या, वेळ घेऊन. संघटनेबद्दल चकार शब्द काढला नाही. मुलाच्या वहीचं एक पान समोर ठेवलं. त्यानं वर्गातल्या मुलांची दोन रकान्यांत यादी केली होती, आणलेले आणि न आणलेले. स्वतःचं नाव दुसऱ्या रकान्यात लिहून खोडलं होतं. मी त्याच दिवशी परिपत्रक मागे घेतलं.

वडिलांचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. पण त्यांनी मला माझा निर्णय राखायला लावलं. त्या बाईंनी मला मूल दाखवलं.

तुमच्याकडेही तसं पान आहे: लेकीचा रात्रीचा प्रश्न. तो जसाच्या तसा सांगा, भर घालू नका.

आधी वर्गशिक्षिका. त्यांनी हे ठरवलेलं नसणार, बहुतेक वरून आलेलं असतं. झाड मात्र त्यांच्या हौसेचं असू शकतं. त्यांना डावलून वर गेलात तर त्यांना ते लागतं, आणि उद्या सकाळी तुमची मुलगी त्यांच्याच वर्गात असते. फाटकापाशी किंवा शाळा सुटताना घाईत बोलू नका. सूचनावहीत दोन ओळी लिहून वेळ मागा. त्यांच्याशी झाडापुरतंच बोला. निधी कोणाला जातोय हा प्रश्न मुख्याध्यापिकांचा आणि व्यवस्थापनाचा आहे, तो तिकडे न्या, पण वर जाणार आहात हे बाईंना आधी सांगून जा.

मुख्याध्यापिकांना भेटण्याआधी पत्र द्या. एक पान, त्याहून जास्त नको. पत्रात मागणं स्पष्ट हवं, कारण "मला हे आवडलं नाही" एवढ्यावर मुख्याध्यापक काही करू शकत नाहीत. "झाडावरची नावं काढा" यावर करू शकतात. आणि पालकांच्या ग्रुपवर एक अक्षर लिहू नका. तिथं लिहिलंत की तासाभरात दोन तट पडतात आणि मग मुख्याध्यापिकांना पत्राचं उत्तर द्यायचं नसतं, भांडण मिटवायचं असतं.

आता एक विचारते, रागावू नका. हीच पाकिटं तुमच्या मताच्या संघटनेसाठी आली असती, तर तुम्ही हा प्रश्न इथं विचारला असता का? मुख्याध्यापिका हे तोंडानं विचारणार नाहीत, पण मनात विचारतील. उत्तर तयार असू द्या, आणि ते खरं असू द्या.

पावतीपुस्तक

मी संस्थांचे हिशेब तपासतो, म्हणून माझं लक्ष पाकिटाकडे जातं.

खडूफळा बाईंचा सल्ला सोन्यासारखा आहे. त्यात पैशाची बाजू जोडतो, कारण तिथं मतांचा प्रश्न येत नाही आणि शाळेला उत्तर द्यावंच लागतं.

पहिलं विचारा: पैसे शाळेच्या खात्यात जमा होणार की थेट संघटनेकडे, आणि पावती कोण देणार? मुलांच्या हाती रोख रक्कम, वीस जणांची, पावतीशिवाय, हे कुठल्याही कामासाठी वाईटच. पाकीट हरवलं तर नऊ वर्षांच्या मुलानं कोणाला तोंड द्यायचं?

दुसरं: देणगी निर्धारित आहे का? म्हणजे "फक्त कुटुंबांच्या मदतीसाठी" असं लिहून दिली जाणार का, आणि तसा खर्च झाल्याचं विनियोग प्रमाणपत्र शाळेला मिळणार का? नुसती "देणगी" म्हणून दिलेली रक्कम सर्वसाधारण निधीत जाते आणि तिथून फलकही छापले जातात.

तिसरं जरा खोलातलं. मदत आणि मोहीम या दोन कामांसाठी त्यांच्या दोन वेगळ्या नोंदणीकृत संस्था आहेत का, की एकच? एकच असेल तर निर्धारित देणगीनंही पूर्ण प्रश्न सुटत नाही. समजा, मदतीसाठी त्यांनी स्वतःचे शंभर बाजूला ठेवले होते. तुमच्या शाळेनं मदतीसाठी शंभर दिले. त्यांचे शंभर मोकळे झाले, ते मोहिमेला गेले. कागदोपत्री सगळं चोख. हिशेबात मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता दोन्ही खर्चांचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय मत देत नाही. मोठ्या संस्था म्हणूनच दोन वेगळ्या शाखा काढतात.

शाळा म्हणेल, "ती नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे." त्यानं भागत नाही. अमेरिकेत 1954 पासून करमुक्त धर्मादाय संस्थांना निवडणुकीतल्या उमेदवाराच्या बाजूनं किंवा विरोधात प्रचार करायला मनाई आहे, पण एखाद्या प्रश्नावर भूमिका घ्यायला, मर्यादेत राहून कायदा बदलायची खटपट करायला मनाई नाही. इंग्लंडमध्येही साधारण तसंच: पक्षाला पाठिंबा चालत नाही, आपल्या उद्देशासाठी मोहीम चालते. तेव्हा धर्मादाय असणं म्हणजे वादापासून लांब असणं नव्हे.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते कार्ड. नाव, रक्कम, सही. वादाच्या प्रश्नावर आजूबाजूच्या कोणी दिले आणि कोणी नाही याची ती यादी आहे, आणि ती एका मुलाच्या दप्तरातून फिरतेय. युरोपात 2018 मध्ये लागू झालेल्या माहितीसंरक्षण नियमांत राजकीय मतांची माहिती विशेष जपायच्या प्रकारात घातलीय, आरोग्याच्या माहितीच्या शेजारी. तुमच्याकडे कायदा काहीही असो, कार्डं जमा झाल्यावर ती कुठं ठेवणार, कोण बघणार आणि कधी नष्ट करणार हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हा प्रश्न विचारायला कुठल्याच बाजूचं असावं लागत नाही.

मोज्यातली फीत

मी ते मूल होतो, म्हणून लिहितो.

पाचवीत असताना आमच्या शाळेत एका मोहिमेसाठी रंगीत फिती वाटल्या होत्या. देणगी दिली की फीत. माझे वडील त्याच मोहिमेच्या विरोधात सह्या गोळा करत होते, आणि त्यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं. मी एका मित्राकडून त्याची जास्तीची फीत मागून घेतली. सकाळी फाटकाच्या आत आल्यावर लावायची, शाळा सुटली की काढून मोज्यात घालायची. तीन आठवडे. घरी सापडली असती तर वडील रागावले नसते, हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटत होतं की मी दोन्हीकडे खोटं बोलतोय. शाळेत वडिलांशी आणि घरी वर्गाशी.

वडील शाळेत गेले होते. मुख्याध्यापकांशी मोठं बोलणं झालं, ते त्यांनी जेवताना आईला सांगितलं, मी ऐकलं. सगळं बरोबर बोलले असतील. पण त्या तीन आठवड्यांत मला कोणी विचारलं नाही की वर्गात तुझं कसं चाललंय.

ताई, शाळेत जाल तेव्हा जा, पण लेकीच्या त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या आधी द्या. ती अजून त्यावरच झोपतेय. मला कोणी एवढं जरी म्हटलं असतं तरी पुरलं असतं: फीत म्हणजे त्या मुलानं पैसे आणले, एवढंच. फीत नाही म्हणजे आणले नाहीत, एवढंच. घरचे चांगले की वाईट हे फितीवरून कळत नाही. आणि तुझ्या मैत्रिणीच्या घरचेही वाईट नाहीत, त्यांना वेगळं वाटतं. हे शेवटचं वाक्य गाळू नका. ते गाळलंत तर ती तोच हिशेब उलटा मांडेल.

सातवी ब

मी शिकवतो, अजून नोकरीत आहे. थोडं विरोधात लिहितोय.

मला भीती वाटते ती अशा तक्रारींच्या शेवटाची. एक पालक एका बाजूनं येतात, दुसरे दुसऱ्या बाजूनं, आणि व्यवस्थापन ठरवतं की वादाचं काहीच नको. मग निधी जातो, त्याबरोबर वर्गातली चर्चाही जाते. गेल्या वर्षी आमच्याकडे एका बातमीवर वादविवाद ठेवला होता, तो आदल्या दिवशी रद्द झाला. मुलं त्याच प्रश्नावर मधल्या सुट्टीत एकमेकांना नको ते बोलत होती. त्यांना नीट बोलायला शिकवायची जागा आम्हीच बंद केली.

जर्मनीत 1976 साली बॉइटेल्सबाख या गावी राजकीय शिक्षणातली वेगवेगळ्या मतांची मंडळी जमली होती. त्यातून तीन तत्त्वं पुढे आली, तिथले शिक्षक ती आजही पाळतात. विद्यार्थ्याला आपल्या मताखाली दडपायचं नाही. समाजात आणि अभ्यासकांत जे वादाचं आहे ते वर्गातही वादाचंच म्हणून मांडायचं. आणि विद्यार्थ्याला स्वतःची परिस्थिती, स्वतःचं हित ओळखून विचार करता आला पाहिजे. दुसरं तत्त्व मला फार महत्त्वाचं वाटतं. वादाचा विषय टाळा असं ते म्हणत नाही; तो आणा, पण दोन्ही बाजूंसकट आणा असं म्हणतं.

या कसोटीवर तुमच्या शाळेची पाकिटं बसत नाहीत, हे मी मान्य करतो. पाकिटाला दुसरी बाजू नसते. पैसे द्यायचे किंवा नाही द्यायचे. चौथीतल्या मुलाला यात विचार करायला काही उरतच नाही, फक्त मोजायला उरतं.

म्हणून विनंती एवढीच की पत्रात "शाळेत राजकारण नको" असं लिहू नका. हे वाक्य फार सोपं आहे आणि उद्या तेच वाक्य एखाद्या चांगल्या शिक्षिकेच्या तासावर फेकलं जाईल. मुलांकडून पैसे गोळा करून घेऊ नका, असं लिहा. जे चुकलंय तेवढंच.

कलम आणि कागद

चौथीतल्या मुलीला बिल्ला लावू द्यावा का, याला अजून कोणी हात घातला नाही. मी कायदा शिकवते.

तीन निकाल डोळ्यांसमोर येतात. 1943 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ध्वजवंदनाची सक्ती शाळा मुलांवर करू शकत नाही. तीनच वर्षांपूर्वी त्याच न्यायालयानं उलट निकाल दिला होता, तो फिरवला. 1969 चा निकाल दुसऱ्या टोकाचा: व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती लावून आलेल्या मुलांना शाळेनं घरी पाठवलं होतं, त्यातली एक मुलगी तेरा वर्षांची होती. न्यायालयानं मुलांची बाजू घेतली. आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा 1986 चा बिजो इमॅन्युएल खटला: केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत, म्हणून शाळेनं काढून टाकलं होतं. न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं.

तिन्ही एकत्र वाचले की एक रेघ दिसते. मुलानं स्वतः होऊन लावलेली फीत हा मुलाचा हक्क. शाळेनं हातात दिलेला बिल्ला ही वेगळी गोष्ट, आणि तो नाकारणं हाही मुलाचाच हक्क. तुमच्या लेकीच्या बाबतीत अवघड एवढ्यासाठीच की बिल्ला शाळेचा आहे आणि हौस तिची.

1989 च्या बालहक्क संहितेतलं बारावं कलम सांगतं की मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं मत ऐकावं आणि वय व समज पाहून त्याला वजन द्यावं. तेव्हा तिला विचारा. बिल्ल्यावर काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवा, साध्या शब्दांत सांगा, तुमचं मत वेगळं का हेही सांगा. त्यानंतरही तिला लावायचा असेल तर लावू द्या, असं मी म्हणेन. तिच्या छातीवरून तुम्ही तो ओढून काढलात तर शाळेनं जे केलं तेच घरात होईल.

आणखी एक, पत्रात उपयोगी पडेल म्हणून. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1996 च्या शिक्षण कायद्याचं 406 वं कलम सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळांना प्राथमिक वयाच्या मुलांना पक्षपाती राजकीय कामात गुंतवायला मनाई करतं. शाळेबाहेरचं काम असलं तरी, ते शाळेनं ठरवलेलं असेल तर. 407 वं कलम सांगतं की राजकीय प्रश्न शिकवताना परस्परविरोधी मतं समतोलानं पुढे ठेवा. म्हणजे शिकवणं आणि कामाला लावणं यात तिथल्या कायद्यानंही फरक केलाय. सातवी ब म्हणतात तोच.

चौथीची आई

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले.

खडूफळा बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला एक दिवस लागला. नसता विचारला. गेल्या वर्षी शाळेत एका दुसऱ्या कामासाठी डबे फिरले होते. तेही वादाचंच होतं, फक्त ते माझ्या बाजूचं होतं. मी खुशीनं दिले, लेकीला नवीन रिबन बांधून पाठवलं, फोटो काढला. तेव्हा वर्गात एक मुलगा डब्यापाशी आलाच नाही असं लेकीनं सांगितलं होतं आणि मी म्हटलं होतं, "विसरला असेल." तो विसरला नव्हता. त्याच्या आईशी माझी ओळख आहे, तिचं मत मला ठाऊक होतं. मला ते त्या वेळी दिसलं नाही, आणि हे लिहिताना वाईट वाटतंय.

मग पत्र नव्यानं लिहिलं. त्यात गेल्या वर्षीचं सगळं घातलं. मुख्य भाग असा आहे:

"या वेळच्या संघटनेशी माझं मत जुळत नाही. गेल्या वर्षीच्या कामाशी जुळत होतं आणि तेव्हा मी काही बोलले नाही, ते चुकलं. त्यामुळे ही विनंती दोन्ही प्रकारच्या कामांसाठी आहे. वर्गातल्या झाडावरून मुलांची नावं काढावीत. मुलांनी दारोदार जाऊन पैसे, नावं आणि सह्या गोळा करू नयेत. ज्या पालकांना द्यायचे आहेत त्यांनी शाळेच्या कार्यालयात देऊन पावती घ्यावी. यापुढे बाहेरच्या संस्थेसाठी निधी गोळा करायचा असल्यास पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत आधी चर्चा व्हावी. या प्रश्नावर वर्गात चर्चा झाली, दोन्ही बाजू मांडल्या गेल्या, तर मला आनंदच होईल."

लेकीचा प्रश्न शेवटी तिच्याच शब्दांत लिहिला. पुढे काहीही जोडलं नाही.

वर्गशिक्षिकांना आधी भेटले. त्या ऐकता ऐकता भिंतीकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, झाड मुलांना आवडेल म्हणून रात्री बसून कापलं होतं. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी पानांवरची नावं गेली होती आणि प्रत्येक मुलानं एक पान रंगवून लावलं होतं, बत्तीस.

मुख्याध्यापिकांनी अर्धा तास दिला. निधी थांबणार नाही, जाहीर झालंय, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. मी वाद घातला नाही. कार्डांच्या प्रश्नावर मात्र त्या गप्प झाल्या. पावतीपुस्तक, तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला होता. दुसऱ्या दिवशी परिपत्रक आलं: कार्डं न भरता परत करावीत, भरलेली कार्डं कार्यालयात जमा करावीत, ती नष्ट केली जातील, देणगी पालकांनी थेट द्यावी. व्यासपीठाचं काही लिहिलेलं नाही. देणगी निर्धारित आहे का, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. महिनाअखेरीच्या बैठकीत पुन्हा विचारणार आहे. बैठकीला त्या गेल्या वर्षीच्या मुलाची आईही येतेय. तिला मी स्वतः फोन केला होता. बोलणं सोपं नव्हतं, दोघींनाही.

मोज्यातली फीत, तुमचं वाक्य मी गाळलं नाही. लेकीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्यांना वेगळं का वाटतं?" मी त्यांची बाजू तिला सांगितली, जमेल तेवढी प्रामाणिकपणे. ते मला सगळ्यात जड गेलं. बिल्ला तिनं दोन दिवस लावला. तिसऱ्या दिवशी तो टेबलावर राहिला. मी विचारलं नाही का ते.